मन्मथअप्पा आणि भर दुपारची लग्नं

सरकारी थर्मामीटर कसा फुटला याचा लेखी खुलासा करावा, असा कागद आरोग्य केंद्रातून आला तेव्हा मला खडकजवळ्यात रुजू होऊन पुरते पंधरा दिवसही झाले नव्हते. मी खुलाशात 'उन्हाने' एवढंच लिहिलं. डॉक्टरसाहेबांना तो उद्धटपणा वाटला आणि त्यांनी मला पुन्हा सविस्तर लिहायला लावलं. दुसऱ्या वेळी मी 'अति उन्हाने' असं लिहिलं. मन्मथअप्पांचं नाव मी दोन्ही वेळेला गिळलं. हा माणूस पुढं आपल्याला सहा वर्षं छळणार आहे याची तेव्हा कल्पना असती, तर मुळीच गिळलं नसतं.

त्याचं असं झालं. खडकजवळा हे वडवणीच्या अलीकडचं, डोंगराच्या कुशीतलं गाव. वडवणी तेव्हा तालुका व्हायचं होतं. आमच्या गावात नुकताच पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ आला होता, शांपूच्या पुड्यांच्या माळा दुकानांत लटकू लागल्या होत्या आणि लाइट मात्र पूर्वीसारखीच लहर लागेल तेव्हा येत होती. मी तिथल्या उपकेंद्राची नर्स. उपकेंद्र म्हणजे ग्रामपंचायतीच्या आवारातली पत्र्याची एक खोली. एका दुपारी बाराच्या सुमाराला एक उंच, वाळकुडा गृहस्थ दारात उभा राहिला. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, पांढरं धोतर, डोक्यावर उपरणं, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात लाकडी पट्टीवर बसवलेला, भिंतीला टांगायचा तापमापक. कीटकनाशकाच्या कुठल्याशा कंपनीनं तो दुकानदारांना फुकट वाटला होता.

"शिस्टर, तुमचं यंत्र सरकारी हाय, आमचं फुकटातलं," ते म्हणाले. "जरा ताळा करून बघू."

मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, बघू दे. त्यांनी माझ्या हातातला तापाचा थर्मामीटर घेतला, बाहेरच्या फरशीवर आपल्या तापमापकाशेजारी ठेवला आणि आम्ही दोघं उकिडवे बसून बघत राहिलो. पारा सरसर चढला, टोकाला गेला आणि टिचकी मारल्यासारखा आवाज होऊन काच फुटली. पाऱ्याचे मणी फरशीवर घरंगळले. मी कपाळाला हात लावला. अप्पा मात्र अजिबात ओशाळले नाहीत. त्यांनी फुटक्या काचेकडं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "म्हंजी सरकारच्या यंत्रात आमच्या गावचं ऊन बसतच न्हाई."

ते गावचे किराणा दुकानदार आणि ग्रामपंचायतीचे सदस्य. दुकान ग्रामपंचायतीच्या बरोबर समोर. निवडणुकीत त्यांच्या विरोधात कधी कुणी उभं राहिलं नाही, कारण सकाळी विरोधात फॉर्म भरून संध्याकाळी त्यांच्याच दुकानात चहापत्ती आणायला कोण जाणार? पंचायतीतले बाकीचे सदस्य रस्ता, गटार, हातपंप असल्या कामांत लक्ष घालायचे. अप्पांनी आपल्या वाट्याला ऊन घेतलं होतं. ते त्यांना कुणी दिलं नव्हतं आणि काढून घ्यायलाही कुणी तयार नव्हतं.

ग्रामपंचायतीच्या बाहेर सूचना लिहायची एक काळी पाटी होती. तिच्यावर अप्पा सकाळी, दुपारी आणि उतरतीला असा दिवसातून तीनदा खडूनं आकडा लिहायचे. त्यांचं म्हणणं असं, की उन्हाळा सरकतोय. आपल्या लहानपणी पाडव्यानंतर जो तडाखा बसायचा तो आता शिवरात्रीलाच बसतो, आणि पूर्वी चार दिवस टिकणारी लाट आता पंधरा दिवस मुक्काम करते. त्यावर लोक हसायचे. म्हातारपणी सगळ्यांनाच ऊन जास्त लागतं म्हणायचे. हवामान बदलतंय वगैरे भाषा आमच्या उपकेंद्रापर्यंत तेव्हा पोचली नव्हती, त्यामुळं मीही हसायचे. आज जिल्ह्याच्या ठिकाणी उन्हाळ्याचे आराखडे निघतात, दवाखान्यांत वेगळी खोली राखून ठेवतात, आणि ते वाचताना माझं मलाच जरा लाजल्यासारखं होतं.

गावाची मात्र हळूहळू अशी समजूत झाली की आकडा अप्पाच ठरवतात. बायका दुकानात येऊन म्हणायच्या, "अप्पा, आज जरा कमी धरा, पोरीला बघाया पाव्हणे यायलेत." अप्पा गंभीरपणे सांगायचे की ते आपल्या हातात नाही. बायकांना ते पटायचं नाही. दुसऱ्यांचे पाहुणे आले तेव्हा कसा कमी झाला होता, असं त्या एकमेकींत कुजबुजायच्या.

चूक माझीही होतीच. मातांच्या बैठकीत मी एकदा सांगितलं होतं, की उन्हाळ्यात पाणी पुरेसं पोटात जातंय का, हे लघवीच्या रंगावरून कळतं. अप्पा खिडकीबाहेर उभे होते. त्या दिवसापासून दुकानाच्या पायरीवर बसून ते रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला अडवायचे आणि खणखणीत आवाजात विचारायचे, "पिवळी का पांढरी?" गुराखी असो, सरपंच असो, सासरी आलेली नवी सून असो. पंचायतीची तपासणी करायला बीडहून विस्तार अधिकारी आले, तेव्हा चहाचा कप त्यांच्या ओठाला लागायच्या आत अप्पांनी त्यांनाही विचारलं. साहेबांना प्रश्न कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर त्यांनी तपासणी आटोपती घेतली. सरपंच बाबूराव यांनी त्याबद्दल अप्पांचे जाहीर आभार मानले.

शीतपेयाच्या कंपनीनं अप्पांच्या दुकानात लाल रंगाची मोठी पेटी ठेवली होती. आत बर्फ घालून कंपनीच्याच बाटल्या ठेवायच्या, असा करार. अप्पांनी त्यात जलसंजीवनीच्या पाण्यानं भरलेले पितळी तांबे ठेवले. कंपनीचा माणूस मोटारसायकलवरून आला, पेटी उघडून बघतो तर आत तांबेच तांबे. तो चिडला. अप्पांनी त्याला खाली बसवलं, एक तांब्या पाजला, रंग विचारला आणि वर सांगितलं की तुझ्या पाण्यानं ढेकर येतो, तहान जात नाही. तो जाताना पेटी न्यायची विसरला, की त्यानं ती मुद्दाम ठेवली, हे मला कधी कळलं नाही.

त्यांच्या तापमापकात मात्र एक गोम होती. ते त्याला दुकानाच्या पत्र्याला, भर उन्हात टांगत आणि पाटीवर सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस असे आकडे लिहीत. मी एकदा सांगितलं की अप्पा, तापमान सावलीत मोजतात. त्यांना धक्का बसला. पण ते खऱ्याला मानणारे होते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तो ग्रामपंचायतीच्या जाड भिंतीच्या सावलीत हलवला आणि पाटीवर लिहिलं, बेचाळीस.

गावात हलकल्लोळ उडाला. लोक दहा-दहाच्या घोळक्यानं येऊन पाटी बघून जाऊ लागले. सरपंच बाबूराव तणतणत आले. "अप्पा, कामून कमी केलं? शेजारच्या गावात चव्वेचाळीस सांगायलेत. आपल्या गावाची काय इज्जत राहील?" अप्पांनी शास्त्र सांगितलं. सरपंचांना शास्त्र मान्य नव्हतं. शेवटी मासिक सभेत विषय निघाला आणि तोडगा असा ठरला, की पाटीवर दोन रकाने पाडावेत. एकावर 'सावलीतले' लिहावं आणि दुसऱ्यावर 'गावचे'. बाहेरच्या माणसाला सांगताना दुसऱ्या रकान्यातला आकडा सांगावा. हा ठराव एकमतानं झाला आणि इतिवृत्तात नोंदला गेला.

पुढच्या उन्हाळ्यात अप्पांनी दवंडीचा ठराव आणला. सावलीतला आकडा बेचाळीसवर गेला, की पंचायतीचे शिपाई किसनमामा यांनी हलगी वाजवत गावभर फिरायचं आणि दुपारी कुणी उन्हात फिरू नये असं सांगायचं. ठराव चांगलाच होता. अडचण एवढीच, की आकडा बेचाळीसवर जायचा तो दुपारी एकला. किसनमामा एकला हलगी घेऊन निघायचे, वेशीपासून वस्तीपर्यंत सगळ्या आळ्या उन्हातून पालथ्या घालायचे, आणि घरात गारव्याला पडलेली माणसं कसली दवंडी आहे ते ऐकायला बाहेर उन्हात येऊन उभी राहायची. चौथ्या दिवशी किसनमामा महादेवाच्या देवळापुढं 'उन्हात फिरू नये हो' म्हणता म्हणताच आडवे झाले. मी ओल्या चादरीत गुंडाळून, घोटघोट पाणी पाजून त्यांना माणसात आणलं. डोळे उघडल्यावर त्यांनी अप्पांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. अप्पा त्यांचे पाय चेपत बसले होते, त्यांनी तो खाली मान घालून ऐकून घेतला.

तेव्हापासून दवंडी सकाळी सातला होऊ लागली. पण मग दुपारी किती चढणार ते सकाळीच कळायला हवं. ते काम अप्पांच्या बायकोनं, गंगाकाकूंनी केलं. माळवदावर पापड टाकायच्या आणि ते किती वेळात वाळले यावरून उद्याचा आकडा सांगायच्या. तो क्वचितच चुकायचा. अप्पा पाटीवर आकडा आपलाच म्हणून लिहायचे. गंगाकाकू एकदा मला म्हणाल्या, "लिवू द्या. कुनाच्या का नावानं होईना, लोक सावलीत बसायलेत ना."

इथपर्यंत हा सगळा गावाच्या करमणुकीचा मामला होता. तो तसा राहिला नाही, याला सरपंचांच्या पुतण्याचं लग्न कारण झालं.

आमच्या भागातली लग्नं वैशाखात आणि मुहूर्त भर दुपारचा, बारा पंचवीस, बारा पस्तीस असा. तो मुहूर्तही कुणी पाळत नाही. आधी नवरदेवाची मिरवणूक, म्हणजे परण्या, देवळापर्यंत नाचत जाणार, नाचतच परत येणार, आणि त्यानंतर सगळे थांबणार ते पुढाऱ्याची वाट बघत. पुढाऱ्याला त्या दिवशी आणखी दहा लग्नं असतात. तो आल्याशिवाय अक्षता टाकल्या तर घराण्याची शोभा जाते. त्या दिवशी सकाळी सरपंचांनी अप्पांना बाजूला घेतलं आणि आजच्या दिवस दवंडी नको आणि पाटीवर आकडाही नको म्हणून विनवलं. पाहुणे बाहेरगावचे, उगीच घाबरतील. अप्पांनी लिहिलेला आकडा उपरण्याच्या टोकानं पुसला. तो त्रेचाळीस होता, आणि रकाना सावलीतला.

नवरदेवाचे आजोबा रंगनाथबाबा. वय पंच्याहत्तरच्या पुढं. नातवाच्या लग्नासाठी त्यांनी लोकरीचा कोट घातला होता आणि वर फेटा. रंगीत कापडाच्या मांडवात पहिल्या रांगेतली खुर्ची धरून ते तीन तास बसून होते. उठले असते तर खुर्ची दुसऱ्यानं घेतली असती. पुढारी आले, भाषण झालं, अक्षता पडल्या, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा रंगनाथबाबांचे हात हलले नाहीत. अंग भट्टीसारखं तापलं होतं आणि घाम एक थेंब नव्हता. मी जीपमध्ये त्यांच्या अंगावर पाणी ओतत होते. वडवणी यायच्या आधीच ते गेले. कागदावर हृदयविकार लिहिलं गेलं. मला ठाऊक होतं काय झालं ते.

दुसऱ्या दिवशी अप्पा उपकेंद्रात आले आणि बाकावर बसले. मीच म्हणाले की पाटीवर आकडा असता तरी बाबा उठले नसते. ते म्हणाले, "नसतील उठले. पर पुसला म्या." मला त्यांचा फार राग यायचा, पण त्या दिवशी त्यांच्याकडं बघवेना.

तेराव्यानंतर ग्रामसभा झाली. अप्पांनी ठराव मांडला, की पाडव्यापासून मृगापर्यंत गावच्या शिवारात सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळात अक्षता पडणार नाहीत. सकाळी लावा, सांजच्याला लावा, दुपारी लावायचं असेल तर दुसऱ्या गावी जाऊन लावा. सरपंचांच्या घरचंच माणूस गेलं होतं, त्यांना विरोध करता आला नाही. पंचायतीत त्या वर्षी बायकांच्या राखीव जागा नव्यानं आल्या होत्या, त्यामुळं ग्रामसभेला बायकाही बऱ्याच होत्या. हात वर झाले. तिथून पुढं दोन उन्हाळे खडकजवळ्यातली लग्नं सकाळी नाहीतर संध्याकाळी लागली. घराण्यांची शोभा गेली नाही. वरणही आंबलं नाही, आणि मला सलाइनच्या बाटल्या घेऊन मांडवाच्या कडेला उभं राहावं लागलं नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यात अप्पांच्या महानंदाचं लग्न ठरलं.

ही त्यांची एकुलती एक. चोविशी उलटलेली, आणि आमच्याकडं तेव्हा चोविशी म्हणजे शेजारपाजारच्यांनाही झोप येत नसे. याआधी तिच्या दोन सोयरिकी मोडल्या होत्या. एक उंचीवरून. दुसरी सरळसरळ अप्पांमुळं, कारण बघायला आलेल्या मुलाच्या वडिलांना त्यांनी ओसरीवर तो रंगाचा प्रश्न विचारला होता. आता उमापूरचं कापड दुकानदाराचं घर मिळालं होतं. मुलगा शांत, सालस. त्याचे वडील अण्णा मात्र हौशी. त्यांना दुपारचाच मुहूर्त हवा होता, बारा पंचवीसचा. जिल्ह्याच्या पुढाऱ्यांनी त्यांना तीच वेळ दिली होती. संध्याकाळी साहेबांना सवड नाही आणि सकाळचं लग्न म्हणजे काहीतरी लपवून उरकल्यासारखं दिसतं, असं त्यांनी स्पष्ट कळवलं. जमत नसेल तर सांगा, आम्हाला दुसरी स्थळं आहेत.

 आठ दिवस अप्पा दुकानात साखर मागितली तर रवा द्यायचे. मी त्यांना काही सांगावं अशी त्यांची इच्छा असावी, पण मी काय सांगणार? मला मुलगी नव्हती. शेवटी त्यांनी उमापूरला होकार कळवला. सरपंचांना फार आनंद झाला. त्यांनी तातडीनं सभा बोलावून 'एक वेळची खास बाब' म्हणून सूट द्यायचा ठराव लिहायला लावला. अप्पा आपलाच माणूस, असं ते तीनदा म्हणाले. सदस्य म्हणून त्याच्यावर अप्पांनाही सही करावी लागली. एवढा वळणदार अक्षराचा माणूस, पण ती सही त्यांची वाटत नव्हती. त्या दिवसापासून पाटीवर आकडा लिहिणं त्यांनी बंद केलं. गावात कुणीही त्यांना का म्हणून विचारलं नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं असावं.

लग्नाच्या आदल्या दिवशी उतरतीला महानंदा उपकेंद्रात आली. अंगाला हळद लागलेली, मुंडावळ्या अजून बांधायच्या होत्या. ती बापासारखी बोलघेवडी नव्हती. म्हणाली, "शिस्टर, सकाळी सहाला मांडवात या. सलाइनची पेटी आणू नका." मी तिला पुढं विचारायच्या आत ती गेलीसुद्धा.

वऱ्हाड रात्रीच टेम्पोनं, जीपनं आणि अण्णांच्या मोटारीनं येऊन शाळेत उतरलं होतं. मी सहाला पोचले तर मांडवात गार वारा होता आणि महानंदा शालू नेसून बोहल्यावर बसली होती. शेजारी लग्न लावणारे स्वामी पंचांग उघडून बसले होते. ते तसेही चारला उठत. सहा पन्नासचा मुहूर्त आहे, असं ते मला न विचारताच म्हणाले. पंचांगात सगळ्या वेळा असतात, बघणारा पाहिजे. नवरदेवही आला. महानंदाचा निरोप त्याला त्याच्या बहिणीकडून आधीच पोचला होता. केस ओले होते आणि सदऱ्याची गुंडी चुकीच्या काजात गेली होती.

गंगाकाकू अप्पांना हाताला धरून घेऊन आल्या. अप्पांनी हे सगळं पाहिलं आणि त्यांचे पाय थांबले. ते म्हणाले की पोरी, म्या शब्द दिलाय, सही केलीय, हे लोक तुला जन्मभर बोलतील. महानंदा बसल्या जागेवरून उठली नाही.

"अप्पा, सही तुमी केली. ग्रामसभेत म्याबी हात वर केलता. आता तो खाली कसा घेऊ?"

अप्पांनी डोक्यावरचं उपरणं काढलं, तोंड पुसलं आणि स्वामींना म्हणाले, "करा सुरू."

भोंग्यावर मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा वरपिता अण्णा तांब्या घेऊन ओढ्याकडं गेले होते. कुणाचं तरी लग्न लागतंय असं त्यांना वाटलं. मग त्यात आपल्याच मुलाचं नाव ऐकून ते तांब्यासकट पळत सुटले. वऱ्हाडातले निम्मे लोक तोंडात मिश्री धरून, दातवण धरून मांडवाकडं धावत होते. अण्णा मांडवात पोचले त्याच क्षणाला शेवटच्या अक्षता पडल्या, आणि त्यातल्या काही त्यांच्या तांब्यात गेल्या. त्यांनी मुलाकडं पाहिलं. मुलगा खालच्या आवाजात म्हणाला, "मुहूर्त टळत व्हता, अण्णा."  मला त्या क्षणी तो जावई फार आवडला.

आठाच्या आत पंगती बसल्या, दहापर्यंत उठल्या. अकराला सगळं गाव आणि सगळं वऱ्हाड शाळेत, देवळात, लिंबाखाली जागा मिळेल तिथं आडवं झालं. अण्णांचं तोंड फुगलेलं होतं, तरी एवढ्या पाहुण्यांत एकालाही भोवळ आली नाही, हे त्यांनाही दिसत होतंच. दुपार तशीच निघून गेली असती. पण जिल्ह्याचे पुढारीसाहेब आले. सहा वर्षांत मी त्यांना कुठल्याही लग्नात अडीचच्या आधी बघितलं नव्हतं. त्या दिवशी ते बारा वाजून वीस मिनिटांनी, चार जीपा घेऊन आले. मांडवात दोन शेळ्या उभ्या होत्या आणि किसनमामा सतरंजीवर घोरत होते.

साहेबांनी इकडंतिकडं पाहिलं. अप्पांनी पुढं होऊन जे झालं ते सगळं सांगितलं, काहीही न लपवता. साहेब दोन घास जेवले, तांब्याभर पाणी प्याले आणि म्हणाले की सगळ्यांनीच असं केलं तर आपल्याला दिवसाला वीस लग्नं करता येतील. जाताना त्यांनी अप्पांची पाठ थोपटली. पण भाषण झालं नाही, हार घातले गेले नाहीत, आणि अण्णांनी मुद्दाम बीडहून बोलावलेल्या फोटोग्राफरला शेळ्यांचाच फोटो मिळाला. अण्णांचा बांध फुटला. त्यांनी वऱ्हाडाला उठवलं आणि आत्ताच्या आत्ता निघायचं, असं सांगितलं. सव्वा वाजला होता.

अप्पा हात जोडून त्यांच्यापुढं उभे राहिले. "अण्णा, उतरतीला निघा. पाया पडतो."

"सकाळी तुमच्या मनासारखं झालं," अण्णा म्हणाले. "आता पोरगी आमची हाय."

 अप्पा तसेच मागं वळले आणि दुकानात गेले. आता दार लावून घेतील असं वाटलं. पण आतून गोणपाटं यायला लागली. साखरेची, डाळीची, गव्हाची, असतील नसतील तेवढी. ती त्यांनी हौदात बुचकळली आणि नवरीच्या जीपवर सुतळीनं बांधायला लागले. टपावर तीन पदर, खिडक्यांना दोन दोन. किसनमामा उठून मदतीला आले, मग स्वामी आले, मग कुरकुरत का होईना सरपंच आले. मी जलसंजीवनीच्या पुड्या महानंदाच्या पदराला बांधल्या. झेंडूच्या माळा गोणपाटांखाली कुठं गेल्या ते कळलं नाही. नवरीची जीप बर्फाच्या गाडीसारखी दिसायला लागली आणि चारी बाजूंनी ठिबकायला लागली. वऱ्हाडातली पोरं हसली. नवरदेवाच्या आईनं आत हात घालून बघितला आणि आत जाऊन बसली. तिच्यामागून दोन मावश्या बसल्या.

अण्णा तोऱ्यात आपल्या मोटारीत जाऊन बसले आणि तितक्याच वेगानं उठले. काळ्या सीटनं चटका दिला होता. त्यांनी एकदा मोटारीकडं बघितलं, एकदा जीपकडं. मग कुणाच्याही नजरेला नजर न देता जीपपाशी आले आणि मुलाला म्हणाले, "सरक तिकडं."

माझी बदली त्याच महिन्यात, पावसाच्या आधी झाली. नंतर त्या गावाला जाणं झालं नाही. त्यामुळं अप्पांचं माझ्याजवळ शेवटचं म्हणून जे काही आहे ते त्या दुपारचंच.

महानंदानं गोणपाटाचा कोपरा उचलून बाहेर पाहिलं.  अप्पांनी शेवटची बादली टपावर ओतली आणि जीप निघाली. तिच्यामागं रस्त्यावर पाण्याची एक रेघ उमटत गेली आणि मागच्या बाजूनं वाळत आली. अप्पा रस्त्याच्या मधोमध उभे होते. उपरणं मांडवातच राहिलं होतं, पायांत वहाणा नव्हत्या. मी व्हरांड्यातून दोनदा ओरडले, अप्पा, सावलीत या. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. मी छत्री घेऊन निघाले, तर गंगाकाकूंनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या, शिस्टर. त्येन्ला आज ऊन कळायचं न्हाई."

रस्त्यावरची ओल वाळून गेली तरी ते तिथंच उभे होते, उघड्या डोक्यानं, जीप गेली त्या वळणाकडं बघत.